जॉकी पंप कोणी बंद केला? दक्षिण नागपुरातल्या एका फ्लॅट स्कीमचा प्रकरण अभ्यास

बिल्डिंगचं नाव, बिल्डरचं नाव, माणसांची नावं यातलं काहीच लिहीत नाही. बाकी प्रकरण जसं झालं तसंच आहे. मी तिथला रहिवासी नाही, कमिटीतला एक जण ओळखीचा आहे आणि माझा धंदा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगचा, म्हणून मीटर बोर्डाच्या आगीनंतर अग्निशमन विभागाची नोटीस आल्यावर त्यांनी मला कागद वाचायला आणि कोटेशन तपासायला बोलावलं होतं.

पार्श्वभूमी

मनीषनगर-बेसा पट्ट्यातली २०११ ची स्कीम. खाली स्टिल्ट पार्किंग, समोरच्या बाजूने रस्त्याकडे तोंड करून चार दुकानं, वर सात मजले. उंची २२ मीटरच्या आसपास. पहिल्या मजल्यावर समोरचे दोन फ्लॅट जोडून एका मालकाने कोचिंग क्लासला भाड्याने दिलेले (मंजूर नकाशात तिथे फ्लॅटच आहेत, क्लास नाही), मागच्या बाजूला राहते फ्लॅट. नागपुरात बऱ्याच ठिकाणी असतं तसं इथेही सहकारी सोसायटी नाही, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन केलेली ओनर्स असोसिएशन आहे. म्हणजे मेंटेनन्स कोणी किती द्यायचा यावर दर मीटिंगमध्ये भांडण.

१५ मीटरच्या वरची बिल्डिंग असल्यामुळे बिल्डरने फायर सिस्टीम बसवली होती, हे खरं. अंडरग्राउंड टाकी, मेन पंप, पाईपमधलं प्रेशर टिकवणारा छोटा जॉकी पंप, जिन्याला लागून वर गेलेला रायझर पाईप, प्रत्येक मजल्यावर लाल हायड्रंट व्हॉल्व्ह (आग विझवायचं पाणी घ्यायचा नळ) आणि होज म्हणजे त्याला जोडायच्या पाईपचा बॉक्स, होज रील, आणि एक्स्टिंग्विशर. कोणी पाहुणा आला की बिल्डिंग एकदम नियमातली वाटायची. फाईल उघडल्यावर मात्र अग्निशमन विभागाची फक्त प्रोव्हिजनल एनओसी (बांधकामाआधीची तात्पुरती परवानगी) निघाली, फायनलचा कागद कुठेच नव्हता, आणि बी फॉर्म तर कोणाला माहीतच नव्हता.

बी फॉर्म म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो कारण अर्ध्या नागपूरला हे माहीत नसावं असा माझा अंदाज आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यात आगीच्या यंत्रणेची जबाबदारी मालक किंवा ताबेदारावर टाकलीय, म्हणजे बिल्डर निघून गेला की विषय तुमचा. यंत्रणा चालू आणि चांगल्या स्थितीत आहे असं लायसन्स असलेल्या एजन्सीचं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाकडे द्यायचं असतं. तोच बी फॉर्म. बसवताना एकदा ए फॉर्म, नंतर कायम बी.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली तेव्हा सगळीकडे फायर ऑडिटची चर्चा होती, या असोसिएशनच्या मीटिंगमध्येही विषय निघाला होता, मिनिट्समध्ये "पुढील बैठकीत घेऊ" एवढं लिहिलंय. पुढच्या बैठकीत लिफ्टचा विषय आला आणि हा राहूनच गेला.

मे महिन्यात काय झालं

नागपूरचा मे म्हणजे ४५ च्या वर पारा, घरोघरी कूलर आणि आता त्यावर एसी पण. मीटर बोर्ड स्टिल्टमध्ये, जिन्याच्या अगदी पायथ्याशी. बिल्डरने २०११ च्या हिशोबाने केबल टाकलेली, त्यावर एकेका फ्लॅटला दोन-दोन एसी चढलेले. बोर्डच्या खाली स्कूटर लावलेल्या आणि एका फ्लॅटवाल्याने तिथूनच एक्स्टेन्शन काढून इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेली.

संध्याकाळी क्लास चालू असताना बोर्डातलं एक जॉइंट तापून पेटलं. आग फार मोठी नव्हती पण केबलच्या प्लॅस्टिकचा काळा धूर थेट जिन्यात शिरला आणि जिन्याचं धुराडं झालं, दोन-तीन मिनिटांत चौथ्या मजल्यापर्यंत काही दिसेना. वॉचमनने डोकं लावून मेन स्विच पाडला, ते बरोबरच केलं, पण त्यामुळे लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधात अटकली आणि आत एक काकू. वरचे लोक टेरेसकडे पळाले तर टेरेसला कुलूप, चावी दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी ऑफिसमध्ये.

बिल्डिंगचं एक्स्टिंग्विशर कोणीतरी उचललं तर गेजचा काटा लाल पट्ट्यात. शेवटी खालच्या दुकानदाराने स्वतःच्या दुकानातलं ड्राय पावडरचं एक्स्टिंग्विशर आणून मारलं आणि आग बसली. फायर ब्रिगेडची गाडी आली तेव्हा फक्त धूर उरला होता, त्यांनी लिफ्ट उघडून काकूंना काढलं आणि मग जवानाने सहज म्हणून पाचव्या मजल्यावरचा हायड्रंट उघडला. एक थेंब नाही. बॉक्समध्ये होज होता, पुढचा पितळी नोझल नव्हता.

थोड्या दिवसांनी रीतसर तपासणी झाली आणि नोटीस आली. पूर्तता करा, नाहीतर पुढची कारवाई. पुढच्या कारवाईत वीज आणि पाणी तोडणं पण येतं हे कळल्यावर पहिल्यांदा मीटिंगचा कोरम पूर्ण झाला.

तपासणीत काय निघालं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला सगळ्यांचं म्हणणं एकच, "बिल्डरने फसवलं". पण एकेक वस्तू मागे मागे शोधत गेलो तर जवळपास प्रत्येक बिघाड बिल्डिंगमधल्याच कोणीतरी केलेला होता, आणि तो करताना त्याच्याकडे चांगलं कारण होतं.

जॉकी पंपाचंच घ्या. फायरची लाईन कायम प्रेशरमध्ये भरलेली असते, थोडं प्रेशर उतरलं की जॉकी आपोआप चालू होऊन भरून काढतो, एकदम खूप उतरलं म्हणजे कोणीतरी हायड्रंट उघडला असं समजून मेन पंप सुरू होतो. इथे जमिनीखालच्या पाईपला गंज लागून बारीक गळती होती, त्यामुळे जॉकी दर थोड्या वेळाने, रात्रीसुद्धा, घर्र करून चालू व्हायचा. पंप पहिल्या मजल्यावरच्या मागच्या फ्लॅटच्या बरोबर खाली. तिथे राहणारे काका हार्ट पेशंट. त्यांनी वॉचमनला सांगितलं, "अरे बावा, झोपच नाही लागून राहिली, काहीतरी कर." वॉचमनने पॅनलचा स्विच ऑटोवरून ऑफवर केला. तो वॉचमन नोकरी सोडून गेला, पुढचा आला, त्याला वाटलं हे असंच असतं. मेन पंपसुद्धा त्याच पॅनलवर. दोन वर्षं बंद पडून पंपाची ग्लँड सुकली आणि शाफ्ट जाम झाला.

टाकीचंही तसंच. एका उन्हाळ्यात पाण्याची फार ओढाताण झाली तेव्हा कमिटीच्या मंजुरीने घरगुती पंपाचं सक्शन फायरच्या टाकीत सोडलं. तात्पुरतं म्हणून. ते तसंच राहिलं, म्हणजे दुपारनंतर फायरची टाकी बऱ्याचदा तळाला.

नोझल भंगारात गेले. गनमेटल आणि पितळ, किलोवर विकलं जातं, एका दिवाळीच्या रंगकामाच्या वेळी गायब झाले असा संशय आहे, कोणी पाहिलं नाही. टेरेसला कुलूप का, तर पोट्टे वर जाऊन टाकीवर चढायचे, एक पोरगा पडता पडता वाचला होता. मीटरखाली गाड्या का, तर स्टिल्टमध्ये जागा कमी आणि ती जागा कोणाच्याच नावाने नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फायर पंपाची वीज बिल्डिंगच्या मेन स्विचनंतरच्या लाईनवरून घेतलेली. आग लागली की माणूस पहिले मेन पाडतो, वॉचमनने पाडला तसाच. म्हणजे पंप अगदी ठणठणीत असता तरी त्या दिवशी चालला नसता. हा दोष मात्र खरोखर बिल्डरचा होता. त्याशिवाय प्रत्येक मजल्याला वायरिंगच्या डक्टमध्ये स्लॅबची भोकं उघडी, तीही त्याचीच, पण नंतर केबलवाले आणि इंटरनेटवाल्यांनी ती आणखी मोठी केली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मेमधली आग हायड्रंटने विझवायची नव्हतीच, पेटलेल्या मीटर बोर्डवर कोणी पाणी मारत नाही. त्या दिवशी उपयोगी पडलं असतं ते भरलेलं एक्स्टिंग्विशर, उघडी टेरेस आणि मोकळा जिना. नोटिशीत मात्र वजन पंप आणि रायझरवर दिसत होतं, त्यामुळे कमिटीचं पण सगळं लक्ष तिकडेच गेलं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय कोणीतरी फोनवरच सुचवला. "बी फॉर्म करून देतो, बघायला यायची गरज नाही." रक्कम इतकी कमी की अर्धी कमिटी तयार होती. एका मॅडमनी (पाचव्या मजल्यावरच्या, बँकेत आहेत) विचारलं की उद्या खरंच काही झालं आणि हा कागद कोर्टात गेला तर सही करणारा एजन्सीवाला आणि कागद देणारे आपण दोघंही अडकू ना? त्यावर कोणी बोललं नाही. विषय तिथेच संपला.

दुसरा, बिल्डरवर केस. ग्राहक आयोगात जायचं, त्याच्याकडून सगळं करून घ्यायचं. यात चूक काहीच नाही, फायनल एनओसी न घेता ताबा देणं हे त्याचंच काम. पण १० वर्षं उलटून गेलेली, बहुतेक बिघाड नंतरचे, आणि निकाल लागेपर्यंत रोज रात्री लोक त्याच बिल्डिंगमध्ये झोपणार. ठरलं की वकिलाला कागद दाखवून ठेवायचे पण काम त्यासाठी थांबवायचं नाही.

तिसरा, एका एजन्सीचं सगळं नवीन करायचं कोटेशन. नवा पंप सेट, नवा रायझर, मजल्या-मजल्यावर अलार्म, पार्किंगमध्ये स्प्रिंकलर. वाईट नव्हतं, पण आकडा ऐकून दुकानदारांनी सांगितलं की आम्हाला लिफ्ट लागत नाही, सातवा मजला लागत नाही, आम्ही कशाला देऊ. एवढी रक्कम जमायला वर्ष गेलं असतं.

चौथा, टप्प्याटप्प्याने. आधी जिवाचं, मग पाण्याचं, मग बाकी. विभागाला लेखी कळवायचं की काय कधी करतोय आणि मुदत मागायची. हाच घेतला.

काय ठरलं, काय केलं

पैसे कसे गोळा करायचे यावर दोन मीटिंगा गेल्या. फ्लॅटमागे सारखी रक्कम की डीडमधल्या टक्केवारीप्रमाणे? टक्केवारीने दुकानांना जास्त पडतं, सारख्याने वन बीएचकेवाल्यांना. शेवटी डीड उघडून बघितलं तर सामाईक खर्च टक्केवारीने असं स्पष्ट लिहिलेलं, त्यामुळे वाद करायला जागाच उरली नाही. डीड इतकी वर्षं कोणी वाचलंच नव्हतं. कोचिंगवाल्याने म्हटलं मी भाडेकरू, मालकाला विचारा, मालक म्हणे वापरतो तो देईल. कायदा मालक आणि ताबेदार दोघांनाही धरतो हे नोटिशीतच होतं, तो कागद दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवला आणि त्यांनी अर्धं-अर्धं केलं.

पहिल्या टप्प्यात स्वस्त पण जिवाच्या गोष्टी. सगळी एक्स्टिंग्विशर रिफिल किंवा बदली, प्रत्येकावर तारखेचा टॅग. जिन्यातले चपलांचे रॅक, जुना कूलर, सायकली सगळं बाहेर (यावर जेवढी भांडणं झाली तेवढी लाखाच्या खर्चावर नाही झाली). टेरेसच्या दाराला कुलपाऐवजी आतून दाबलं की उघडणारी पट्टी आणि उघडलं की वॉचमनकडे वाजणारी बेल, म्हणजे पोट्टे वर गेले तरी कळतं आणि आगीत चावी शोधावी लागत नाही. लिफ्टला वीज गेली की जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडणारं एआरडी. मीटर बोर्डाचे जॉइंट आणि मेन केबल बदलली, बोर्डासमोर लोखंडी रेलिंग लावून गाड्यांना मज्जाव, आणि इलेक्ट्रिक स्कूटरसाठी कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला उघड्यावर शेड आणि वेगळ्या मीटरवर पॉइंट. हा पॉइंट दिला नसता तर रेलिंग आठवड्यात वाकवलं असतं, हे मी पैज लावून सांगतो.

दुसऱ्या टप्प्यात पंप. मेन स्विचच्या आधीपासून पंपाला स्वतंत्र लाईन घेतली, त्यावर लाल अक्षरात "आगीत बंद करू नये". जॉकी, मेन पंपाची दुरुस्ती, नवं पॅनल. आणि इथे गाडी अडकली. पंप चालू करून प्रेशर चढवलं तसा अंगणातला जुना पाईप फुटला, पेव्हर ब्लॉक उचलून कारंजं. एजन्सीने आधी पाईपची हायड्रो टेस्ट घेतली नव्हती आणि कमिटीनेही मागितली नव्हती, कारण पैसे वाचवायचे होते. अंगण खोदून जमिनीखालची लाईन नवी टाकावी लागली, पेव्हर परत बसवायचा खर्च वेगळा.

टाकीचं काम मला सगळ्यात आवडलं. घरगुती पंपाचं सक्शन काढून टाकलं आणि पाण्याची आवकच अशी केली की नळाचं पाणी आधी फायरच्या टाकीत पडतं, ती भरली की वरून ओसंडून घरगुती टाकीत जातं. त्यामुळे फायरची टाकी कायम भरलेली, पाणी सडत पण नाही, आणि कोणाला वापरायला वेगळं पाणी कमी पण पडत नाही. नियमांमध्ये ही पद्धत जुनीच आहे, बिल्डरने पाईप वाचवायला केली नव्हती एवढंच.

डक्टमधली भोकं फायर सीलंटने बंद केली आणि इंटरनेटवाल्यांना लेखी कळवलं की भोक पाडलं तर बुजवून जायचं. नोझल नवे आणले, त्यावर बिल्डिंगचा नंबर कोरला, बॉक्सला काच, आणि वॉचमनच्या महिन्याच्या यादीत नोझल मोजणं.

निकाल

टेस्टच्या दिवशी सातव्या मजल्यावर गेज लावला. हिशोब साधा आहे, दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो) प्रेशर खर्च होतं, म्हणजे २२ मीटर चढायलाच सव्वादोन किलोच्या आसपास जातात, आणि वरच्या हायड्रंटला साडेतीन किलो तरी मिळायला पाहिजे. म्हणजे खाली पंपाने पाईपमधलं नुकसान धरून सहाच्या वर दिलं पाहिजे. वर साडेतीनच्या थोडं पुढे काटा थांबला. मग कोणीतरी मेन स्विच पाडला, मुद्दाम, आणि पंप चालूच राहिला. टाळ्या त्याला पडल्या.

जुलैचा बी फॉर्म उशिरा गेला पण एजन्सीचा माणूस प्रत्येक मजल्यावर फिरून मगच सही करून गेला. विभागाची पुन्हा पाहणी झाली, यंत्रणेचा भाग मान्य झाला, दोन मुद्दे उघडे राहिले ते खाली येतात.

एप्रिलमध्ये १४ ते २० अग्निशमन सप्ताह असतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात असोसिएशनने ड्रिल ठेवली. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे, देशभरातले फायर ऑफिसर इथे शिकायला येतात, आणि या बिल्डिंगमध्ये मात्र होज कसा उघडायचा हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सातव्या मजल्यावरच्या आजी जिना उतरायला तयार नव्हत्या, "मी वरच बरी जी, टेरेसवर जाते," त्यांना तशीच परवानगी दिली आणि ते बरोबरच होतं.

परत करायचं झालं तर

हायड्रो टेस्ट सगळ्यात आधी. कामाच्या प्रेशरच्या दीडपट देऊन काही तास धरून ठेवायचं, पाईप टिकला तरच पंपावर पैसे लावायचे. इथे उलटं झाल्यामुळे एकच अंगण दोनदा बनवलं.

बिघाड विचारताना "कोणी केलं" ऐवजी "का केलं" हे पहिल्याच मीटिंगला विचारायला हवं होतं. आधी दोन मीटिंगा वॉचमनला शिव्या देण्यात गेल्या. जॉकीचा आवाज हा काकांच्या झोपेचा प्रश्न होता, आता गळती बंद झाल्यामुळे तो क्वचितच चालतो आणि पंपाखाली रबर पॅड टाकलेत. पॅड टाकले नसते आणि फक्त "हात लावू नये" ची पाटी लावली असती तर स्विच परत ऑफवर गेला असता.

एजन्सीचं कोटेशन मागताना कमिटीने फक्त किंमत तुलना केली. लायसन्स चालू आहे का, टेस्ट रिपोर्ट देणार का, वर्षभराचा मेंटेनन्स करार आहे का हे विचारलं ते दुसऱ्या वेळेला.

आणि कोचिंग क्लास. यावर अजूनही माझं आणि कमिटीचं जमत नाही. २४ मे २०१९ ला सुरतमध्ये वरच्या मजल्यावर क्लास असलेल्या इमारतीत २२ विद्यार्थी गेले, ते का गेले हे सगळ्यांना माहीत आहे, बाहेर पडायला जिना उरला नव्हता. इथे क्लास पहिल्या मजल्यावर आहे म्हणून कमिटी निवांत. पण राहता फ्लॅट आणि क्लास यांचे नियम एक नाहीत, एका बॅचला मावतील तितकी पोरं आणि जायला तोच एक जिना, जो मेमध्ये धुराने भरला होता. मी म्हटलं बाजूच्या बाल्कनीतून लोखंडी जिना काढा किंवा क्लास हलवा. मालक म्हणतो बाल्कनीखाली दुकानदाराची शेड आहे, ती आधी काढा. शेड बाजूच्या मोकळ्या जागेत आहे, जिथून फायरची गाडी आत यायला पाहिजे, म्हणजे ती तशीही काढावीच लागणार. दुकानदार तोच, ज्याच्या एक्स्टिंग्विशरने आग विझली. त्याला नोटीस द्यायला कमिटीत कोणी तयार नाही. विभागाच्या पत्रात हेच दोन मुद्दे उघडे आहेत, शेड आणि वापरातला बदल, आणि मुदत पुढच्या जानेवारीच्या बी फॉर्मपर्यंतची आहे.